टॉर्च आणि सेल: खणात दहा पडल्यात, हात एकीवरच का जातो?

मिणमिण :
टॉर्चचा नाद असलेले इथे बरेच आहेत हे इकडच्या तिकडच्या प्रतिसादांतून कळत असतं, पण त्यावर वेगळा धागा काही सापडला नाही. म्हणून हा काढतोय. 'कुठली टॉर्च घेऊ' असं विचारत नाहीये. घेऊन झाल्यात, गरजेपेक्षा जास्तच. उत्सुकता वेगळीच आहे: खणात ढीग पडलेला असताना तुमचा हात रोज कुठल्या एकीवर जातो? आणि बाकीच्या तरीही का सुटत नाहीत?

माझं उत्तर आधी देतो. माझा हात जातो तो सगळ्यांत मंद होऊ शकणाऱ्या टॉर्चवर. खोक्यावर लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, जो दणदणीत आकडा छापलेला असतो, तो घेताना डोळ्यांत भरतो. वापरताना तो गाठायची वेळ क्वचितच येते. घरातले झोपलेले असताना उठायचं असेल तर एका लुमेनच्याही खालचा उजेड पुरतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या भिंतीवर एकदा झोत पडला की ते सगळं पाण्यात. त्यामुळे टॉर्च थेट मंदच लागली पाहिजे. आधी झगझगाट, मग मध्यम, मग एकदाची मंद अशी जिची चाल असेल ती माझ्याकडून बाद.

दुसरी अट सेलची. तो हाताने काढता आला पाहिजे आणि सगळीकडे मिळणाऱ्या मापाचा पाहिजे. लिथियम आयन सेलांत १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. ही मापं कुणा एका कंपनीच्या मालकीची नाहीत, हे महत्त्वाचं. सेल आत कायमचा बंद करून ठेवलेली टॉर्च मी घेत नाही, मग ती कितीही देखणी असो. सेल म्हातारा होणारच. त्याच्याबरोबर धडधाकट टॉर्चही टाकून द्यायची याला काय अर्थ आहे?

तिसरी गोष्ट उजेडाचा रंग. मला ४००० केल्विनच्या आसपासचा लागतो (आकडा जितका कमी तितका उजेड उबदार, पिवळसर). ६५०० वाल्या निळसर उजेडात माणसांच्या तोंडावर प्रेतकळा येते. आणि सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरापैकी आकडा, ९० च्या वर असेल तर उत्तम. विजेच्या पेटीत डोकं घालून तपकिरी वायर कुठली आणि लाल कुठली हे एकदा स्वस्त एलईडीच्या उजेडात ओळखून दाखवा, मग सांगा सीआरआय म्हणजे चोचले.

बोला आता.

घुबड :
धागा झकास. मंद उजेडाला +१, पण पुढचं सगळं अमान्य. :)

माझा जीव लांब पल्ल्याच्या झोतात आहे. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब जाणार हे ठरतं कँडेलावर, म्हणजे एका दिशेला किती एकवटलाय त्यावर. खोक्यावर मीटरमध्ये जो पल्ला लिहितात तो एएनएसआय एफएल१ या मानकानुसार काढलेला असतो: जिथे उजेड ०.२५ लक्सवर उतरतो ते अंतर. साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. हिशोब सोपा आहे, कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. दहा हजार कँडेलाला २०० मीटर. चाळीस हजारांना ४००. म्हणजे पल्ला दुप्पट हवा तर ताकद चौपट लागते. शिवाय चांदण्याइतक्या उजेडात माणूस आहे की झुडूप हे लांबून कळत नाही, त्यामुळे छापील पल्ल्याचा अर्धा धरून चालावं.

माझी लाडकी टॉर्च लुमेनमध्ये अगदीच सामान्य आहे. पण एलईडीची चिप बारीक, रिफ्लेक्टर खोल आणि गुळगुळीत, त्यामुळे झोत असा निघतो की पलीकडच्या टेकडीवरचं एकटं झाड उजळतं. त्याचा उपयोग काय? काहीही नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसा उपयोगही नसतो.

जुनाट :
मंडळी, तुमचं चालू द्या. मी पेन्सिल सेलवाला.

घरात घड्याळाला, रिमोटला, मुलांच्या खेळण्यांना जे सेल लागतात तेच टॉर्चला लागावेत, एवढी साधी अपेक्षा. फक्त अल्कलाइन घालत नाही. ते सेल फुटतात आणि टॉर्च खातात. जुनी धातूची टॉर्च बरेच महिने पडून राहिली की मागचं झाकण फिरत नाही. फिरलंच तर आटे करकरतात, स्प्रिंगवर पांढरा भुगा जमलेला असतो, आणि सेल नळीला आतून असा चिकटलेला असतो की लाकडी दांडक्याने ठोकून काढावा लागतो. अल्कलाइन सेल संपत आला की आत हायड्रोजन धरतो, दाबाने सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा हा भुगा होतो. तो अल्कधर्मी असतो, म्हणून पाण्यापेक्षा व्हिनेगरच्या बोळ्याने चटकन निघतो. हातमोजे घालून करा.

मी चार्ज होणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड सेलांवर आहे. सान्योने २००५ साली एनेलूप आणले तेव्हापासून या सेलांचं रडगाणं संपलं. त्याआधीचे चार्ज करून ठेवले की काही महिन्यांत रिकामे व्हायचे. आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात. १.२ व्होल्ट बघून लोक नाक मुरडतात, पण अल्कलाइनचे १.५ व्होल्ट फक्त सुरुवातीला असतात, ते उतरतच जातात. हा १.२ शेवटपर्यंत टिकवतो. जरा जास्त करंट ओढला तर अल्कलाइन मान टाकतो, हा नाही.

शून्यलुमेन :
जुनाटराव, पेन्सिल सेलच्या मापातच १४५०० नावाचा लिथियम आयन सेल मिळतो, ३.७ व्होल्टचा. दोन्ही चालणाऱ्या टॉर्च पण मिळतात. तोच देह, तिप्पट जोर. :)

जुनाट :
माहीत आहे हो. म्हणूनच घरात आणत नाही. दिसायला पेन्सिल सेलच, आणि कुणी चुकून भिंतीवरच्या घड्याळात घातला तर?

व्होल्टबाई :
जुनाटकाका बरोबर बोलताहेत. १४५०० घरात असेल तर त्याला भडक रंगाची टेप लावून वेगळ्या डबीत ठेवावा. 'दोन्ही चालतात' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल त्या टॉर्चमध्ये घालूच नये. ३.७ चा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो, आणि फक्त १.५ व्होल्टसाठी बनवलेलं सर्किट ते खाऊन एका झटक्यात जातं.

आता माझं. मला टॉर्चपेक्षा सेलांचाच नाद जास्त आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

नकली सेल ओळखायला शिका. १८६५० वर ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलची क्षमता) छापलेलं दिसलं की तिथेच हात आखडता घ्यायचा. या मापात नाणावलेल्या कंपन्यांचे चांगले सेल गेली कित्येक वर्षं ३५०० च्या आसपास आहेत. २१७०० मध्ये ५००० धरा. तोंडी सांगून पटत नसेल तर काट्यावर ठेवा. अस्सल १८६५० पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो, २१७०० सत्तरच्या आसपास. तिसाच्या घरातला १८६५० हातात आला तर आत बारका सेल आणि बाकी भरताड, एवढंच समजायचं.

क्षमता जास्त म्हणजे सेल भारी, असंही नाही. ज्या टॉर्चला एकदम दहा-पंधरा अँपिअर ओढायचे असतात तिला ३५०० वाला सेल घातला तर तो दमतो, व्होल्टेज पडतं आणि टॉर्च आपसूक मंदावते. तिथे सॅमसंगचा ३०क्यू किंवा २१७०० मध्ये मोलिसेलचा पी४२ए, म्हणजे क्षमतेला कमी पण जोर जास्त असलेले सेल घ्यावेत. उलट मिणमिण यांच्यासारखं मंद उजेडावर रात्र काढायची असेल तर जोराचा काही उपयोग नाही, तिथे क्षमता बघा.

आणि सेल जवळून बघायची सवय लावा. १८६५० च्या धन टोकाकडे बघा. मध्ये धन चकती, तिच्याभोवती कागदासारखं पांढरं कडं, आणि त्या कड्याच्या बाहेर, पातळ प्लॅस्टिकच्या आवरणाखाली जी धातूची किनार असते ती ऋण असते! पूर्ण डबाच ऋण. म्हणजे धन आणि ऋण यांच्यात त्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं अंतर आणि वर नखाने फाटेल असं आवरण. झाकण लावता काढता नेमकं तिथेच आवरण झिजतं. तिथे चीर दिसली तर तो सेल वापरणं बंद. नवीन आवरण आणि कडं मिळतं, दोन मिनिटांत हेअर ड्रायरने चढवता येतं. आणि सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीही नाही. प्लॅस्टिकच्या डबीत.

सावली :
वाचतेय. मजा येतेय, निम्मं डोक्यावरून जातंय. मी आजवर फोनचाच दिवा वापरलाय. एक बाळबोध प्रश्न: फोन असताना टॉर्च कशाला?

मिणमिण :
बाळबोध नाही, रास्त आहे. किल्ली शोधायला फोन पुरतो. पण त्याचा उजेड चहूकडे फाकतो, चार पावलांपलीकडे काही उरत नाही. ओल्या हातात धरवत नाही, दातांत धरून दोन्ही हात मोकळे करता येत नाहीत. आणि ज्या रात्री वीज जाते त्या रात्री फोनची बॅटरी बोलण्यासाठी राखून ठेवावी लागते.

रानवाटा :
दातांत कशाला धरायची, डोक्याला बांधा की!

गंमत नाही. रात्री चालणाऱ्या माणसाला हातातली टॉर्च म्हणजे अडचण. माझ्याकडे काटकोनी टॉर्च आहे, पट्ट्यात अडकवली की कपाळावर, काढली की खिशात. डोक्यावरच्या दिव्याला लांब झोत नको असतो. पायाखालचं, बाजूचं, सगळं एकसारखं उजळणारा पसरट उजेड हवा. त्यासाठी रिफ्लेक्टरपेक्षा खडबडीत टीआयआर भिंग (एलईडीवर बसणारं भरीव प्लॅस्टिकचं भिंग) बरं. मधोमध लख्ख ठिपका आणि बाजूला अंधार असला की अर्ध्या तासात डोकं भणभणतं.

टिकण्याच्या तासांबद्दल पण लिहायचं होतं. त्याच एफएल१ मध्ये 'किती वेळ चालेल' हे असं मोजतात: टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी जो उजेड असेल तो दहा टक्क्यांवर घसरेपर्यंतचा वेळ. म्हणजे खोक्यावर '३००० लुमेन, ३ तास' असं असेल तर तीन तास ३००० मिळत नाहीत. दोन-तीन मिनिटं मिळतात, मग अंग तापतं आणि ती स्वतःच आठशेवर, पाचशेवर उतरते. कंपनी खोटं लिहीत नाही, आपण वाचायला शिकलं पाहिजे. आलेख छापतात त्यांचा आलेख बघावा.

ढोबळ हिशोब मी असा करते: टॉर्च बरी असेल तर १०० लुमेनला एक वॅट. ३५०० एमएएचच्या १८६५० मध्ये साडेबारा वॉट-तास असतात. म्हणजे १०० लुमेनवर बारा तास, २०० वर सहा. आणि ३००० लुमेनला तीस वॅटच्या वर. एवढी उष्णता मुठीत मावणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने टाकायची कुठे?

घुबड :
हाच हिशोब मी प्रत्येकाला सांगून थकलो. ३००० आणि १५०० मधला फरक डोळ्याला 'दुप्पट' वाटतच नाही. दुप्पट वाटायला ढोबळमानाने चौपट लुमेन लागतात. त्यामुळे एक पायरी उतरलं की डोळ्यांना जेमतेम कळतं आणि सेल मात्र दुप्पट चालतो.

रानवाटा :
अगदी. आणि कडाक्याच्या थंडीसाठी एक: सामानात दोन लिथियम पेन्सिल सेल नेहमी असतात माझ्या. चार्ज न होणारे, १.५ व्होल्टचे, एनर्जायझरचे एल९१ सारखे. वजन पंधरा ग्रॅम, अल्कलाइन तेवीसच्या आसपास. उणे चाळीसपर्यंत चालतात आणि वर्षानुवर्षं पडून राहिले तरी दगा देत नाहीत. चार्ज होणारा लिथियम आयन सेल गोठणबिंदूखाली वापरता येतो, थोडा मंदावतो इतकंच, पण शून्याखाली तो चार्ज करू नका. आत लिथियम धातूचा थर बसतो आणि सेल कायमचा बिघडतो. अंगातल्या जाकिटात ठेवून आधी ऊब द्या.

शून्यलुमेन :
अजून कुणी बटणाबद्दल का बोलत नाहीये? टॉर्चची खरी ओळख तिच्या बटणात आहे.

मी अँडुरिलवाला. टॉर्चचं बटण चालवणारी मुक्त स्रोत प्रणाली आहे, बऱ्याच छंदी टॉर्चमध्ये येते. बंद असताना बटण दाबून धरलं की सगळ्यात मंद लागते आणि धरून ठेवलं तर हळूहळू चढत जाते. हवी तिथे सोडायची. पायऱ्या नाहीत, सलग चढ-उतार. दोनदा टिचकी मारली की पूर्ण जोर. तीनदा मारली की दिव्याची उघडझाप करून सेलचं व्होल्टेज सांगते. आधी चार उघडझापा, मग एक, म्हणजे ४.१. चारदा मारली की कुलूप. मिणमिणना जे 'थेट मंद' हवंय ते इथे फुकटात आहे.

जुनाट :
आणि पाहुण्याच्या हातात दिली की?

शून्यलुमेन :
...की ती वीज चमकल्यासारखी लखलखायला लागते आणि पाहुणा ती उशीखाली लपवतो. मान्य. पण त्यावर उपाय आहे, साधी पद्धत लावून ठेवता येते. त्यात हे सगळे खेळ झाकलेले राहतात.

जुनाट :
माझ्याकडे एक खटका आहे. दाबला की लागते, दाबला की विझते. त्याला प्रणाली लागत नाही.

मिणमिण :
इथे मी जुनाटरावांच्या बाजूने आहे, थोडा. शेपटीला खटक्याचं बटण असलं की विजेची वाट प्रत्यक्ष तुटते. इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्चचा मेंदू मात्र जागाच असतो. चांगल्या बनावटीत तो काही मायक्रोअँपिअर खातो, वर्षानुवर्षं फरक पडत नाही. पण सर्किट गबाळं असेल तर खणात ठेवलेली भरलेली टॉर्च दोन महिन्यांनी मेलेली मिळते. मल्टिमीटर असेल तर मागचं झाकण काढून सेलचं ऋण टोक आणि नळीची उघडी कड यांच्यात लावून मोजता येतं. नसेल तर सरळ झाकण अर्धा आटा सैल करून ठेवावं. ज्यांच्या आट्यांवर ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साइडचा कडक थर) असतं त्यांच्यात एवढ्याने संपर्क तुटतो, कारण तो थर वीज वाहू देत नाही. तेवढ्याचसाठी मी आटे बघून टॉर्च घेतो, चौकोनी कापाचे आणि ॲनोडाइझ केलेले. वर्षातून एकदा पुसायचे, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं, रबरी कडं तपासायचं. झाकण गुळगुळीत फिरायला लागलं की विनाकारण उघडझाप करत बसतो मी.

व्होल्टबाई :
तेवढ्यासाठी टॉर्च विकत घेणारी मी एकटीच नाही तर!

खणात पडून राहणाऱ्या सेलांचा विषय निघालाच आहे तर सांगते. लिथियम आयन सेल पूर्ण ४.२ वर भरून महिनोन्महिने ठेवू नका, तो म्हातारा होतो. उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवलेला तर लवकरच. ३.६ ते ३.८ च्या दरम्यान, थंड जागी. आणि २.५ च्या खाली जाऊन बराच काळ पडलेला सेल 'चार्ज होतोय की' म्हणून परत वापरायचा नाही. आत तांबं विरघळलेलं असतं, चार्ज करताना त्यातूनच आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात द्या.

रानवाटा :
पण मग अडीअडचणीची टॉर्च? ती तर भरलेलीच हवी ना?

व्होल्टबाई :
हो, तिथे सेलच्या आयुष्याकडे बघायचं नाही. सेल दोन वर्षं आधी गेला तरी चालेल, वेळेला टॉर्च लागली पाहिजे. नाहीतर तुमचे एल९१ आहेतच. अडीअडचणीला त्यांच्यापेक्षा भरवशाचं काही मला माहीत नाही.

शून्यलुमेन :
मिणमिण, तुमच्या 'सेल काढता आलाच पाहिजे' वर माझं म्हणणं. घरातल्या बाकीच्यांना वेगळा चार्जर, सेल काढा, दिशा बघून घाला, हे जमत नाही. त्यांच्यासाठी टॉर्चलाच यूएसबी सी असणं सोयीचं.

मिणमिण :
दोन्ही असू दे की. सेल काढता येतो आणि टॉर्चवर सी पण आहे, अशा आता पुष्कळ निघतात. मला आवडत नाहीत त्या फक्त स्वतःच्याच चुंबकी वायरने चार्ज होणाऱ्या आणि स्वतःचाच खास सेल लागणाऱ्या. वायर हरवली की संपलं.

आणि सी बद्दल अजून एक गाऱ्हाणं. माझ्याकडच्या एका टॉर्चला, कंपनीचं नाव राहू दे, सी चं भोक आहे. पण दोन्हीकडे सी असलेल्या वायरने ती चार्जच होत नाही. जुन्या चौकोनी ए वाल्या वायरनेच होते. कारण काय, तर आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवलेले नाहीत. ते नसले की चार्जरला पलीकडे कुणी आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. दोन किरकोळ रेझिस्टर वाचवण्यात काय मिळवलं त्यांनी, देव जाणे.

घुबड :
रंगाचं राहिलंच. मिणमिण, तुमचा ४००० केल्विन मी वापरून बघितला. लांब झोताला मला ५००० च्या वरचाच बरा वाटतो, आणि चिपही कमी सीआरआयची. सीआरआय वाढवला की तेवढ्याच विजेत लुमेन कमी पडतात.

मिणमिण :
कमी पडतात, खरंय. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. त्यात लाल रंग जात्याच तोकडा. लाल वाढवायचा म्हणजे आणखी फॉस्फर, आणि त्यात उजेड खर्ची पडतो. टेकडीवरच्या झाडाला काय फरक पडणार? माझं सगळं बघणं हाताच्या अंतरावरचं असतं, म्हणून मी निचिया कंपनीचे ५१९ए एलईडी शोधत फिरतो, जमल्यास जुने २१९बी. ५१९ए वरचा सिलिकॉनचा घुमट नखाने उडवला की उजेड आणखी उबदार, जरासा गुलाबी होतो आणि झोतही आवळला जातो. लुमेन थोडे जातात. केल्विन एकच असलेल्या दोन चिपांत एक हिरवट आणि एक गुलाबीसर निघू शकते. हिरवट मला सहन होत नाही. शेजारी शेजारी लावून बघेपर्यंत मात्र कुणाला कळत नाही, तेव्हा ज्यांना नाद लागलेला नाही त्यांनी कृपया बघू नये.

सावली :
मी बघितलं. :( आता फोनचा दिवा हिरवा दिसतोय.

जुनाट :
गेली पोर हातची.

रानवाटा :
अवांतर: विमानात नेता का कुणी सुटे सेल?

व्होल्टबाई :
हातातल्या पिशवीत, डबीत, एकमेकांना न टेकता. सुटे लिथियम सेल चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, आपला १८६५० साडेबाराचा, त्यामुळे काळजी नाही. टॉर्चमध्ये घातलेला असेल तर झाकण सैल करा. बॅगेत आपोआप लागून कपडे करपल्याच्या गोष्टी उगाच नाहीत. पूर्ण जोरावर काचेपाशी कापड धरलं की धूर निघतो.

आणि ज्यांच्याकडे एकामागे एक दोन सेल लागणाऱ्या टॉर्च आहेत त्यांनी दोन्ही सेल एकाच बनावटीचे, एकाच वयाचे आणि सारखे भरलेले घाला. एक भरलेला आणि एक अर्धा असला की अर्धा आधी रिकामा होतो आणि भरलेला त्याला उलटा ढकलत राहतो. सीआर१२३ए सारख्या चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलांच्या बाबतीत यातून स्फोट झालेले आहेत, आणि बाहेर येणारा धूर विषारी असतो. या एका कारणासाठी मी एका सेलच्या टॉर्चच वापरते.

सावली :
बरं, कळवते. तुमच्या सगळ्यांच्या कृपेने एक मागवली. एका १८६५० वर चालणारी, ४००० केल्विन, थेट मंद लागते. सेल व्होल्टबाईंनी सांगितले तसा, ३५०० चा, वजन करून बघितलं, अठ्ठेचाळीस ग्रॅम. पण लागतच नाहीये! सेल दोनदा काढून घातला, दिशा बरोबर आहे. चार्जर म्हणतो सेल भरलेला आहे.

शून्यलुमेन :
सेलचं धन टोक सपाट आहे की वर बोंड आहे? आणि टॉर्चच्या तोंडाकडे आत डोकावून बघा, मधल्या पितळी टिकलीभोवती प्लॅस्टिकचं उंच कडं दिसतंय का?

सावली :
सेल सपाट. कडं आहे, काळं.

शून्यलुमेन :
मग टॉर्च ठीक आहे. ते कडं सेल उलटा घातला तर संपर्क होऊ नये म्हणून असतं. सपाट टोक त्या कड्यावरच अडकतं, टिकलीपर्यंत पोचत नाही. बोंडवाला सेल घ्या.

व्होल्टबाई :
हो, बोंडवालाच. पण लांबी विचारून घ्या. संरक्षक सर्किटवाले सेल ६५ चे नसतात, ६९-७० पर्यंत जातात आणि काही नळ्यांत झाकण पुरतं बसत नाही. कुणीतरी सांगेल की मध्ये छोटं चुंबक ठेवलं की सपाट सेलही चालतो. चालतो, पण टॉर्च पडली आणि चुंबक सरकलं की ते त्या ऋण किनारीला टेकतं. ते तेवढं करू नका.

सावली :
ओके. बोंडवाला, विनासर्किट, ६५ च्या आसपास. हा सपाट सेल परत करू का?

मिणमिण :
परत कशाला करताय, ठेवा. पुढची टॉर्च त्याच्या मापाची घ्या.